अभिनेत्री दुर्गाबाई खोटे

कोणत्याही कलेला समाजात मानाचे स्थान मिळते, ते केवळ त्या कलेच्या अंगच्या गुणांमुळे मिळते असे नाही. त्या कलेसाठी कष्ट उपसणारी, प्रसंगी लोकनिंदा सोसणारी आणि तरीही आपले वर्तन स्वच्छ ठेवणारी माणसे तिला लाभावी लागतात. चित्रपटातील अभिनय हा आज स्त्रियांना व पुरुषांना सारखाच खुला असलेला व्यवसाय आहे. एखादी मुलगी अभिनेत्री व्हायचे म्हणाली, तर घराण्याला बट्टा लागला असे आज कोणी सहसा मानत नाही. शंभर वर्षांपूर्वीची स्थिती मात्र अगदी वेगळी होती. ही स्थिती पालटण्यास ज्या थोड्या व्यक्तींचे आयुष्य कारणीभूत झाले, त्यांत दुर्गाबाई खोटे ह्यांचे नाव अग्रभागी येते.

दुर्गाबाईंच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्या आधीचा काळ थोडासा पाहिला पाहिजे. इ. स. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके ह्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट तयार केला. हरिश्चंद्राच्या कथेत राणी तारामतीची भूमिका अत्यंत महत्त्वाची. ती करण्यासाठी फाळक्यांनी एखाद्या स्त्रीचा पुष्कळ शोध घेतला. परंतु कोणीही स्त्री त्या कामास तयार होईना. ज्या स्त्रियांना समाजात प्रतिष्ठा नव्हती, त्यादेखील चित्रपटाचे नाव काढताच मागे सरत. अखेर एका उपाहारगृहात आचाऱ्याचे काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून फाळक्यांना आपली तारामती उभी करावी लागली. भारतातील पहिल्या चित्रकथेची पहिली राणी ही अशी एक पुरुष होती.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपल्या ‘मोहिनी भस्मासुर’ ह्या पुढील चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्यांना भूमिका दिल्या आणि चित्रपटात स्त्रीचे पाऊल प्रथम पडले. त्यानंतरच्या मूकपटांत इतरही स्त्रिया दिसू लागल्या. परंतु सुशिक्षित व सुखवस्तू घरांची दारे ह्या व्यवसायाला बंदच होती. चित्रपट हौसेने पाहावा, त्यातील कथेत रंगून जावे, आणि घरी परतल्यावर त्यात काम करणाऱ्या स्त्रीविषयी मात्र नाक मुरडून बोलावे, असा त्या काळी रिवाज होता.

अशा काळात, १४ जानेवारी १९०५ रोजी, मुंबईत लाड घराण्यात दुर्गाबाईंचा जन्म झाला. लाड मंडळी मूळची गोव्याकडील. गिरगावातील कांदेवाडीत त्यांचे मोठे एकत्र कुटुंब नांदत होते. पांडुरंग शामराव लाड हे त्यांचे वडील, आणि मंजुळाबाई ही आई. घरात विद्येची आवड होती आणि मुलींच्या शिक्षणाविषयी उदार दृष्टी होती. त्यामुळे दुर्गाबाईंना कॅथीड्रल शाळेत, व पुढे सेंट झेवियर महाविद्यालयात शिकण्याची संधी मिळाली. ज्या काळात मुलींना अक्षरओळख झाली म्हणजे पुरे असे समजत, त्या काळात इंग्रजी शिक्षण घेतलेली ही मुलगी मैत्रिणींत उठून दिसत असे. महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांचा विवाह खोटे कुटुंबातील विश्वनाथराव ह्यांच्याशी झाला. त्यांना बकुल व हरिन असे दोन पुत्र झाले.

सासर सधन होते. परंतु लक्ष्मीचे वास्तव्य चंचल असते, ह्या वचनाचा प्रत्यय खोटे कुटुंबाला लवकरच आला. घरावर आर्थिक संकट कोसळले आणि ऐश्वर्याची जागा विवंचनेने घेतली. पुढे तारुण्यातच दुर्गाबाईंच्या वाट्याला वैधव्यही आले. दोन लहान मुलांचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण ह्यांचा भार त्यांच्यावर पडला. माहेरी आधार होता. परंतु आपल्या मुलांना दुसऱ्याच्या कृपेवर वाढवावे हे त्यांच्या मानी स्वभावाला रुचण्यासारखे नव्हते. सुशिक्षित स्त्रीलाही मिळवतेपणाचे मार्ग त्या काळी फार थोडे होते. अशा वेळी चित्रपटात काम करण्याची विचारणा त्यांच्याकडे आली.

इ. स. १९३१ हे भारतीय चित्रपटाच्या इतिहासातील मोठ्या स्थित्यंतराचे वर्ष होय. त्या वर्षी मार्च महिन्यात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत प्रदर्शित झाला आणि आजवर मुकी असलेली चित्रे बोलू लागली. बोलपटासाठी शुद्ध बोलता येणारे, थोडेबहुत गाता येणारे नट व नटी ह्यांची निकड सर्वांनाच भासू लागली. मोहन भवनानी ह्या निर्मात्याने ‘फरेबी जाल’ ह्या आपल्या चित्रपटात दुर्गाबाईंना एक लहानशी भूमिका दिली. गरज होती, काम थोडक्यात आटोपणार होते, आणि चित्रपटाच्या संपूर्ण कथेची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी ते काम स्वीकारले.

चित्रपट प्रदर्शित झाला, तो हलक्या अभिरुचीचा निघाला. दुर्गाबाईंची भूमिका काही मिनिटांचीच होती, तरी तेवढ्याने त्यांच्यावर टीकेचा वर्षाव झाला. लाडांची लेक आणि खोट्यांची सून पडद्यावर उभी राहिली, ह्या एकाच गोष्टीची चर्चा आप्तवर्तुळात व शहरात होऊ लागली. दोन्ही घराण्यांची मान खाली गेली, असे बोल त्यांना ऐकावे लागले. पोटासाठी प्रामाणिकपणे केलेल्या कामाचे असे फळ मिळाल्यावर दुसऱ्या एखाद्या स्त्रीने त्या वाटेकडे पुन्हा ढुंकूनही पाहिले नसते. दुर्गाबाईंच्या मनातही त्या वेळी तसेच विचार आले असल्यास नवल नाही.

परंतु त्या चित्रपटातील त्यांचे थोडे काम एका चोखंदळ माणसाच्या दृष्टीस पडले होते. हा माणूस म्हणजे कोल्हापूरच्या ‘प्रभात फिल्म कंपनी’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, सीतारामपंत कुलकर्णी आणि शांताराम ह्या पाच भागीदारांनी इ. स. १९२९ मध्ये ही संस्था स्थापन केली होती. संस्थेचा पहिला बोलपट काढण्याची त्यांची सिद्धता चालू होती, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेली कथा होती हरिश्चंद्र-तारामतीची. ह्या चित्रपटाचे नाव ‘अयोध्येचा राजा’. शांतारामांना तारामतीसाठी राजघराण्यातील स्त्रीचे तेज, सुसंस्कृत वाणी आणि दुःखातही न ढळणारी मुद्रा हवी होती. हे सर्व गुण त्यांना दुर्गाबाईंत दिसले. एकदा पोळलेल्या दुर्गाबाईंच्या घरच्या मंडळींना पुन्हा संमती देणे सोपे नव्हते. परंतु पौराणिक व उदात्त कथा, आणि ती काढणारी संस्थाही शिस्तीची, हे पाहून अखेर ती संमती मिळाली.

त्या वेळचे बोलपटाचे काम किती कष्टाचे होते, ह्याची आज सहसा कल्पना येणार नाही. मूकपटात चित्रीकरण चालू असता दिग्दर्शक मोठ्याने सूचना देऊ शके, आणि नट चुकला तरी हावभावांनी वेळ निभावून नेता येई. बोलपटात तशी सोय राहिली नाही. चित्र आणि ध्वनी ह्यांचे मुद्रण एकाच वेळी होत असे. नटापासून ठरावीक अंतरावर, पण दिसणार नाही अशा बेताने, ध्वनिग्राहक टांगून ठेवलेला असे. नटाने मान फार वळविली किंवा तो दोन पावले दूर गेला, तर त्याचे शब्द क्षीण होत. बाहेर एखादा कावळा ओरडला वा गाडी खडखडत गेली, तरी सगळे दृश्य पुन्हा प्रथमपासून घ्यावे लागे. पार्श्वगायनाची पद्धती आपल्याकडे इ. स. १९३५ च्या सुमारास सुरू झाली. त्यापूर्वी नटनटींना अभिनय करता करताच आपले गाणे स्वतः गावे लागे, आणि साथीची वाद्ये वाजविणारी मंडळी पडद्याच्या चौकटीबाहेर दडून बसत.

दुर्गाबाईंना रंगभूमीचा अनुभव नव्हता. त्यांच्यासमोर हरिश्चंद्राच्या भूमिकेत उभे होते गोविंदराव टेंबे. ते संगीत रंगभूमीवरील नामवंत नट, संवादिनीवादक आणि ह्याच चित्रपटाचे संगीतकार होते. अशा मुरलेल्या कलावंतासमोर नवख्या नटीने बिचकून जाणे स्वाभाविक होते. परंतु दुर्गाबाईंनी कष्टांत कसूर केली नाही. तालमी, उच्चार, गाणे, चाल ह्या सर्वांची त्यांनी चिकाटीने तयारी केली. चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघत होता. म्हणजे प्रत्येक प्रसंग एकदा मराठीत, व पुन्हा एकदा हिंदीत उभा करावयाचा. एकदा ओघळलेले अश्रू दुसऱ्यांदाही तितक्याच खरेपणाने आणावयाचे. त्यांनी ते दोन्ही भाषांत केले, आणि आपली गाणीही स्वतःच गायिली.

तारामतीची कथा प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. दिलेल्या वचनासाठी राजा राज्यावर पाणी सोडतो. राणी त्याच्या पाठोपाठ अनवाणी चालू लागते, काशीच्या बाजारात विकली जाते आणि परक्याच्या घरी दासी म्हणून राबते. पोटच्या मुलाचा मृत्यूही तिला पाहावा लागतो, पण तिच्या तोंडून पतीविषयी कडू शब्द निघत नाही. ही भूमिका आक्रस्ताळेपणाने केली असती, तर प्रेक्षकांना ती नाटकी वाटली असती. दुर्गाबाईंची तारामती दुःखात वाकली, पण दीन झाली नाही. ज्या स्त्रीने स्वतः ऐश्वर्य जाताना पाहिले होते, मुलांसाठी घराबाहेर पाऊल टाकले होते आणि त्यासाठी लोकांचे बोलही सोसले होते, तिला तारामतीचे मन दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याचे कारण नव्हते.

‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट इ. स. १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्रदर्शित झाला. तो पहिला मराठी बोलपट मानला जातो. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. ज्यांनी काही महिन्यांपूर्वी दुर्गाबाईंना दूषणे दिली होती, तेच लोक आता तारामतीच्या दुःखाने डोळे पुसत होते. निंदेला त्यांनी शब्दांनी उत्तर दिले नाही, कामाने दिले. शिकलेल्या घरांतील मंडळींना प्रथमच असे वाटू लागले, की ह्या व्यवसायात राहूनही स्त्रीला आपला आब राखता येतो. ह्या चित्रपटानंतर सुशिक्षित घराण्यांतील इतर मुलींना अभिनयाची वाट धरताना पूर्वीइतका विरोध सोसावा लागला नाही.

त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ ह्या चित्रपटात दुर्गाबाई स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दिसल्या. तारामती ही त्यागाची मूर्ती, तर ही राणी अधिकाराची. पाळीव चित्त्याला सोबत घेऊन वावरणाऱ्या ह्या करारी राणीने प्रेक्षकांना चकित केले. एकाच साच्याच्या भूमिका करीत राहण्याचा ह्या नटीचा विचार नाही, हे त्यावरून दिसून आले.

लवकरच त्यांची कीर्ती महाराष्ट्राबाहेर गेली. त्या काळी चित्रपटनिर्मितीचे दुसरे मोठे केंद्र कलकत्ता हे होते. तेथील दिग्दर्शक देवकी बोस ह्यांच्या ‘राजरानी मीरा’ ह्या इ. स. १९३३ मधील हिंदी चित्रपटात त्यांनी संत मीराबाईची भूमिका केली. पुढील वर्षी बोस ह्यांच्याच ‘सीता’ चित्रपटात त्या सीता झाल्या, आणि त्यांच्यासमोर रामाच्या भूमिकेत होते पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट इटलीतील व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखविण्यात आला. परदेशातील अशा महोत्सवात दाखविल्या गेलेल्या अगदी पहिल्या भारतीय चित्रपटांपैकी तो एक होय.

इ. स. १९३६ मध्ये शांतारामांच्या ‘अमर ज्योती’ ह्या हिंदी चित्रपटात दुर्गाबाईंनी साकारलेली सौदामिनी ही त्यांच्या उत्कृष्ट भूमिकांपैकी एक होय. तोपर्यंत प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली होती. ह्या कथेतील सौदामिनीला स्वतःच्या मुलावर हक्क सांगण्याचाही अधिकार नाकारला जातो. न्यायासनासमोर पदर पसरूनही न्याय मिळत नाही, तेव्हा ती समुद्राचा आश्रय घेते आणि जहाजांवर छापे घालणाऱ्या टोळीची नायिका बनते. स्त्रीला कायद्याने व रूढीने दासी ठरविणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध हे तिचे बंड असते. पतीमागून मुकाट्याने चालणारी तारामती ज्यांनी उभी केली, त्याच दुर्गाबाईंनी चार वर्षांनी ही बंडखोर सौदामिनी तितक्याच समर्थपणे उभी करावी, ह्यात त्यांच्या अभिनयाचा आवाका दिसून येतो.

ह्याच काळात त्यांनी आणखी एक धाडस केले. त्या वेळी नटनटी एखाद्या चित्रसंस्थेत मासिक वेतनावर नोकरी करीत. संस्था सांगेल ते काम करावयाचे आणि दुसरीकडे जावयाचे नाही, असा करार असे. त्यात सुरक्षितता होती, पण स्वातंत्र्य नव्हते. दुर्गाबाईंनी एकाच संस्थेशी स्वतःला बांधून घेतले नाही. ज्या चित्रपटातील भूमिका पटेल तेवढ्यापुरता करार करावयाचा, मग ती संस्था कोल्हापूरची असो, कलकत्त्याची असो वा मुंबईची असो, असा मार्ग त्यांनी पत्करला. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. परंतु त्या मार्गाने आरंभी जाणाऱ्यांत त्यांची गणना होते. इ. स. १९३७ मध्ये त्यांनी ‘साथी’ हा चित्रपट स्वतः निर्माण केला, आणि त्याचे दिग्दर्शनही केले. चित्रपटनिर्मितीत उतरणाऱ्या भारतातील अगदी पहिल्या काही स्त्रियांत त्यामुळे त्यांचा समावेश होतो.

नटाच्या आयुष्यात एक अवघड वळण हमखास येते. तारुण्य ओसरू लागते, आणि नायिकेचे काम दुसऱ्या कोणाकडे जाते. पुष्कळांना हे सत्य मानवत नाही. दुर्गाबाईंनी मात्र वयाशी भांडण मांडले नाही. चाळिशीही उलटली नव्हती, तेव्हाच त्यांनी प्रौढ भूमिका आपण होऊन स्वीकारल्या. इ. स. १९४१ मध्ये आचार्य अत्रे ह्यांच्या ‘पायाची दासी’ ह्या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणारी सासू रंगविली. इ. स. १९४२ मध्ये विजय भट्ट ह्यांच्या ‘भरतभेट’ ह्या चित्रपटात त्या कैकेयी झाल्या. आठ वर्षांपूर्वी ज्या सीतेच्या वेषात प्रेक्षकांनी त्यांना वंदन केले होते, त्या सीतेला वनवासास धाडणारी राणी होण्यास त्या कचरल्या नाहीत. ‘पायाची दासी’ची हिंदी आवृत्ती ‘चरणों की दासी’ आणि ‘भरतभेट’ची हिंदी आवृत्ती ‘भरत मिलाप’ ह्यांतील भूमिकांबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून गौरविले. इ. स. १९४३ मधील सोहराब मोदी ह्यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’ चित्रपटात त्यांनी केलेली मृणालवती हीदेखील अशीच गाजली. बंदिवान राजा मुंजाला नमविण्यासाठी हट्टाला पेटलेली, आणि अखेर मनाने स्वतःच नमणारी ही गर्विष्ठ राजकन्या प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिली.

चित्रपटात नाव मिळाल्यावर त्या मराठी रंगभूमीकडे वळल्या, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सामान्यतः नट नाटकातून चित्रपटात जातात. दुर्गाबाईंचा प्रवास उलट दिशेने झाला. चित्रपटात चुकलेला प्रसंग पुन्हा घेता येतो, आणि चेहरा जवळून दिसत असल्यामुळे डोळ्यांची किंचित हालचालही पुरते. रंगभूमीवर चूक सुधारण्यास अवसर नसतो, आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द व भाव पोहोचवावे लागतात. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यप्रयोगांत त्यांनी ही नवी विद्या आत्मसात केली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकातील त्यांची आनंदीबाई आणि नानासाहेब फाटक ह्यांचा राघोबा ही जोडी गाजली. वि. वा. शिरवाडकर ह्यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’ ह्या नाटकातही त्यांनी महत्त्वाकांक्षेने आंधळ्या झालेल्या राणीचे काम केले. इ. स. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. इ. स. १९६१ मध्ये दिल्ली येथे भरलेल्या मराठी नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

इ. स. १९६० मध्ये के. आसिफ ह्यांचा ‘मुघल-ए-आझम’ हा भव्य चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात पृथ्वीराज कपूर सम्राट अकबर, दिलीपकुमार राजपुत्र सलीम, आणि दुर्गाबाई राणी जोधाबाई होत्या. पिता व पुत्र ह्यांच्यात युद्ध पेटते, तेव्हा ह्या राणीने कोणाचा जय चिंतावा? एकीकडे कुंकवाचा धनी, दुसरीकडे पोटचा गोळा. जोधाबाईच्या तोंडी इतरांच्या मानाने संवाद थोडे असूनही ही विदारक ओढाताण दुर्गाबाईंनी आपल्या मुद्रेने व कापऱ्या स्वराने प्रकट केली. सव्वीस वर्षांपूर्वीचे राम आणि सीता येथे अकबर व जोधाबाई होऊन पुन्हा समोरासमोर आले होते.

त्यानंतर हिंदी चित्रपटातील आई म्हणजे दुर्गाबाई, असे जणू समीकरणच झाले. पण त्यांची प्रत्येक आई निराळी असे. पृथ्वीराजांचे पुत्र शशी कपूर ह्यांच्यासमवेत ‘द हाउसहोल्डर’ ह्या इ. स. १९६३ मधील चित्रपटात त्या आई झाल्या. आणि पृथ्वीराजांचे नातू ऋषी कपूर ज्याचे नायक होते त्या ‘बॉबी’ ह्या इ. स. १९७३ मधील चित्रपटात त्या नायिकेची आजी झाल्या. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांबरोबर काम करण्याचा हा योग विरळाच. ‘बावर्ची’ व ‘अभिमान’ ह्या चित्रपटांतील त्यांची कामेही लोकांना आवडली. ‘बिदाई’ ह्या इ. स. १९७४ मधील चित्रपटातील भूमिकेबद्दल त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचे ‘फिल्मफेअर’ पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांच्या वयाला सत्तर वर्षे झाली होती. पडद्यावरील त्यांचे आयुष्य सुमारे पन्नास वर्षांचे होते, आणि एवढ्या अवधीत त्यांनी दोनशेंच्या आसपास चित्रपटांत काम केले.

केवळ अभिनयावरच त्या थांबल्या नाहीत. लघुपट, माहितीपट व जाहिरातपट तयार करणारी संस्था त्यांनी उभारली. ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ ह्या त्यांच्या संस्थेने व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण ह्यांच्या कल्पनेवर आधारलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका इ. स. १९८८ मध्ये दूरदर्शनसाठी काढली. सामान्य कारकुनाच्या घरातील लहानसहान सुखदुःखे सांगणारी ही मालिका घरोघर पाहिली गेली. मूकपटाच्या अखेरच्या दिवसांत कामास आरंभ केलेली ही बाई बोलपट, रंगभूमी, लघुपट आणि दूरचित्रवाणी ह्या सर्व माध्यमांशी जुळवून घेत गेली. नव्याला भिऊन ती कोठे थबकली नाही.

खाजगी आयुष्यात त्यांना दुःखे चुकली नाहीत. ज्या मुलांसाठी त्यांनी हा मार्ग पत्करला, त्यांपैकी हरिन ह्यांचा अकाली मृत्यू त्यांना पाहावा लागला. हा घाव सोसूनही त्यांनी काम सोडले नाही. उतारवयात त्या अलिबागच्या परिसरात निवांतपणे राहत असत. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले. एका स्त्रीच्या जीवनाची हकीकत म्हणून, आणि भारतीय चित्रपटाच्या घडणीचा आलेख म्हणूनही ते वाचनीय आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद शांता गोखले ह्यांनी केला आहे.

भारत सरकारने इ. स. १९६८ मध्ये दुर्गाबाईंना ‘पद्मश्री’ हा किताब दिला, आणि इ. स. १९८३ चा ‘दादासाहेब फाळके पुरस्कार’ त्यांना देण्यात आला. चित्रपटक्षेत्रातील हा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान होय. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे इ. स. २०१३ मध्ये भारतीय चित्रपटाची शताब्दी साजरी झाली, तेव्हा टपाल खात्याने थोर चित्रपटकलावंतांची तिकिटे काढली. त्यांत दुर्गाबाईंचेही तिकीट होते.

ह्या सर्व सन्मानांत फाळके पुरस्काराला एक विशेष अर्थ आहे. इ. स. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामतीचे काम करण्यास संपूर्ण मुंबईत एकही स्त्री मिळाली नव्हती. त्यांच्याच नावाने दिला जाणारा पुरस्कार बरोबर सत्तर वर्षांनी मराठी बोलपटातील पहिल्या तारामतीला मिळाला. ह्या सत्तर वर्षांत समाजाची दृष्टी पालटली. पण ती आपोआप पालटली नाही. कोणीतरी आधी पाऊल टाकावे लागते, निंदेचे काटे तुडवावे लागतात, आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट रुळवावी लागते. दुर्गाबाईंनी हे कार्य व्याख्याने देऊन केले नाही. आपले काम मन लावून करावे, त्याचा योग्य मोबदला ताठ मानेने घ्यावा, आणि आपल्या वर्तनाने त्या कामाची प्रतिष्ठा वाढवावी, एवढेच त्यांनी आयुष्यभर केले. प्रामाणिकपणे केलेले कोणतेही काम हलके नसते, हे त्यांच्या चरित्राचे सार होय.